मोटार विकण्यापूर्वी

घरातील मोटार विकावी की ठेवावी, हा प्रश्न वैद्यकीय नाही असे आपणांस वाटेल. तरीही कर्जत-खालापूर पट्ट्यातील माझ्या दवाखान्यात तो वारंवार विचारला जातो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा ठाण्यास, पुण्यास अथवा त्याहूनही दूर असते. आई-वडील दहिवलीत, नेरळला, खोपोलीत किंवा चौकला राहतात. अंगणात दहा वर्षांची मोटार उभी असते. वडिलांनी सत्तरी ओलांडलेली असते. "बाबांनी आता गाडी चालवू नये असे आम्हांला वाटते. मग ती ठेवायची तरी कशाला? हल्ली फोनवर बोट ठेवले की गाडी दाराशी येते," असा एकूण युक्तिवाद असतो.

या युक्तिवादात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंडाळलेले आहेत. वडिलांनी वाहन चालवावे काय, हा पहिला. घराला स्वतःच्या वाहनाची गरज आहे काय, हा दुसरा. आणि बोलावल्यावर वाहन खरोखर येते काय, हा तिसरा. पुष्कळ कुटुंबे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर तिसऱ्याचा निकाल लावून मोकळी होतात, आणि त्याचे परिणाम घरातील ज्येष्ठ व्यक्ती निमूटपणे सोसते.

चाक कोणाच्या हाती असावे

पहिला प्रश्न तुलनेने सोपा आहे. कायद्याप्रमाणे पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालविण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्यासाठी नमुना १-अ मधील डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. परंतु ते प्रमाणपत्र त्या दिवसापुरते बोलते. पुढील पाच वर्षांत मोतीबिंदू पिकू शकतो, मधुमेहावर इन्सुलिन सुरू होऊ शकते, मान वळेनाशी होऊ शकते. म्हणून परवान्यावरील तारखेपेक्षा काही साध्या खुणांकडे लक्ष द्यावे. समोरून येणाऱ्या दिव्यांनी रात्री डोळे दिपतात काय? बाजूने येणारी दुचाकी उशिरा दिसते काय? मोटारीच्या कडांना नवे ओरखडे दिसू लागले आहेत काय? ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकू लागले आहे काय? शेवटच्या खुणेकडे विसराळूपणा म्हणून काणाडोळा करू नये. स्मृतिभ्रंशाची ती पहिली चाहूल असू शकते.

मधुमेहाच्या रुग्णांस एक गोष्ट आवर्जून सांगतो. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी वाहन चालवू नये. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, निर्णय चुकू लागतात. आणि काही वृद्धांत कंप वा घाम न येता थेट गोंधळलेपणच येते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी आणि झोपेच्या औषधांनी येणारी गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळते, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा किल्ली बाजूला ठेवण्याची वेळ येते, हे खरे. मात्र ती नुसती काढून घेणे हाही एक आघात असतो. वृद्धांनी वाहन चालविणे सोडल्यानंतर त्यांच्या प्रकृतीचे काय होते, याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्याच्या लक्षणांचा धोका अशा व्यक्तींत जवळजवळ दुप्पट आढळला. अमेरिकेत मोटारीवाचून पानही हलत नाही आणि आपल्याकडे परिस्थिती तशी नाही, हे मान्य. तरीही चाळीस वर्षे घरच्यांना स्वतः नेणारा-आणणारा माणूस जेव्हा "कोणी नेईल का?" असे विचारू लागतो, तेव्हा त्याच्या मनात काय मोडते ते आपल्याकडेही दिसते. तो मग विचारणेच बंद करतो.

बोलावल्यावर येते कोण?

ओला २०१० च्या अखेरीस सुरू झाली, उबर २०१३ मध्ये भारतात आली. मोठ्या शहरांत राहणाऱ्या आपल्या मुलांचे जीवन या सेवांनी खरोखर सुकर केले आहे. त्या अनुभवाच्या बळावर ती मुले गावाकडील व्यवस्थेचा अंदाज बांधतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. ॲपवरची गाडी ही गर्दीवर चालणारी सेवा आहे. थोड्या अंतरात पुष्कळ चालक आणि पुष्कळ प्रवासी असले, तरच ती पाच मिनिटांत येते. कडाव, कशेळे किंवा वावोशीसारख्या गावी चालकाने रिकामे यायचे, आजींना घेऊन जायचे आणि पुन्हा रिकामे परतायचे, हा व्यवहार त्याला परवडत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे बोलावल्यावर येणारी सेवा आहे, पण ती निराळ्या रूपात. कर्जत, नेरळ, खोपोली स्थानकांबाहेरचा रिक्षा थांबा, नाक्यावरची इको, गावातील एखाद्या तरुणाची भाड्याची मोटार आणि त्याचा मोबाइल क्रमांक, हीच आपली सेवा. तिचे घड्याळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. लोकल आली की रिक्षांची झुंबड, दुपारी सामसूम, आणि शेवटच्या गाड्यांनंतर थांबा जवळजवळ रिकामा. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर आणि पावसाळ्यात धबधब्यांवर येणाऱ्या पाहुण्यांनी सगळी वाहने गुंतून जातात. म्हणून माझ्या रुग्णांना मी पनवेल-कल्याणच्या तज्ज्ञांची वेळ मंगळवार ते गुरुवार या दिवसांतलीच घ्यायला सांगतो.

खोपोलीतील एका निवृत्त गृहस्थांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी संधिवाताने त्रस्त, दोन्ही मुलगे बाहेरगावी. वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे कमी होत चालली, म्हणून मुलांनी मोटार विकली. तो निर्णय योग्यच होता. धाकट्याने फोनमध्ये ॲप घालून दिले, दोनदा शिकवले आणि तो परत गेला. पुढे काय झाले? नकाशावरील खूण घराच्या मागल्या गल्लीत पडे. चालक फोन करून हिंदीत पत्ता विचारी. कानाचे यंत्र लावून फोनवर बोलणे जमत नसे. चार आकडी क्रमांक वाचायला चष्मा शोधावा लागे, तोवर फेरी रद्द झालेली असे. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वेळी केलाच नाही. मुलांचा फोन आला की "सगळे ठीक आहे" म्हणत. नेत्रतज्ज्ञांच्या तीन भेटी चुकल्या. डोळ्यांत घालायचे थेंब संपले, ते आणले गेले नाहीत. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. सहा महिन्यांनी ते रक्तदाबासाठी माझ्याकडे आले, तेव्हा एका बाजूची नजर बरीच आत सरली होती.

मोटार नसणे हे त्या गृहस्थांच्या नुकसानीचे कारण नव्हते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबा आहे. पण घरात कोणीही त्या थांब्यावरील एखाद्या चालकाशी चार शब्द बोलून ठेवलेले नव्हते. ॲप दिले, म्हणजे व्यवस्था लागली, असे सगळ्यांनी धरले.

दूरची दोन उदाहरणे आणि जवळचे एक

खासगी वाहनाला अशी सेवा पर्याय ठरेल काय, याचा प्रयोग एका परदेशी गावाने सार्वजनिक पैशातून करून पाहिला आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात इनिसफिल नावाचे, २०१६ मध्ये सुमारे छत्तीस हजार वस्ती असलेले, विखुरलेल्या घरांचे गाव आहे. बससेवा सुरू करणे महाग पडेल म्हणून त्यांनी २०१७ मध्ये उबरशी करार केला. भाड्याचा काही भाग प्रवाशाने द्यायचा, उरलेला नगरपालिकेने. लोकांना ती सोय इतकी आवडली की पालिकेचा खर्च वाढत गेला. अखेर २०१९ मध्ये भाडे वाढवावे लागले आणि माणशी महिन्याला तीस फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली. डायलिसिसच्या रुग्णाच्या आठवड्याला तीन खेपा, जाऊन-येऊन सहा फेऱ्या, म्हणजे महिन्याला सव्वीसच्या आसपास होतात. त्या मर्यादेत त्याच्या वाट्याला बहिणीकडे जायला दोन खेपा उरतील.

फिनलंडमधील हेलसिंकीत २०१६ च्या सुमारास एका ॲपने बस, ट्राम, टॅक्सी, सायकल हे सगळे एका मासिक वर्गणीत देऊ केले होते. स्वतःच्या मोटारीची गरजच उरणार नाही, असा त्यामागचा विचार होता. ती चालविणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. शहरात ट्राम आणि बस होत्याच, त्यामुळे कोणाचे फारसे अडले नाही. जिथे मागे दुसरे काही उभे नाही, तिथे अशा एकाच सेवेवर विसंबलेल्या वृद्ध दांपत्याने काय करावे?

जवळचे उदाहरण आपल्या कर्जत तालुक्यातलेच आहे, माथेरान. नेरळहून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत यायचे. त्यापुढे मोटारीला मज्जाव. गावात रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर इंजिनाचे वाहन नाही. २००३ पासून हा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आहे, परंतु मोटारीवाचून राहण्याची सवय त्याच्या कितीतरी आधीची. पिढ्यान् पिढ्या तिथल्या घरांत मोटार नाही. १९०७ पासून छोटी गाडी आहे, घोडे आहेत, आणि माणसाने ओढायच्या रिक्षा होत्या. या हातरिक्षांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, यासाठी रिक्षा ओढणाऱ्यांनीच न्यायालयाचे दार ठोठावले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ई-रिक्षा धावू लागल्या, आणि ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात सहा महिन्यांत माणसाने माणसाला ओढणे बंद करावे असा आदेश दिला.

मोटारमुक्त माथेरानचे कौतुक करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की गुडघे दुखणाऱ्या आजीची सोय तिथे इतकी वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसांवर चालली होती. तरी एक गोष्ट तिथे शिकण्यासारखी आहे. वाहन कोणाचेही नसले, तरी ते कुठे उभे असते हे सर्वांना ठाऊक असते, चालकाचा चेहरा ओळखीचा असतो, आणि कोणत्या घरात चालता न येणारे माणूस आहे हे त्यालाही माहीत असते. खोपोलीच्या त्या गृहस्थांना नेमके हेच मिळाले नव्हते.

(ज्या वाड्यांपर्यंत रस्ताच नाही, त्यांच्यापुरता हा सगळा लेख व्यर्थ आहे. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी निघालेल्या पथकांना पायीच डोंगर चढावा लागला. अशा ठिकाणी आजही रुग्ण झोळीतून खाली येतो. मोटार ठेवावी की नाही, हा प्रश्न पडण्यासाठी आधी दारापर्यंत वाट असावी लागते.)

खर्चाची वही

आता हिशेब. मी अर्थतज्ज्ञ नाही, पण रुग्णाच्या घरखर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय आमच्या व्यवसायात सल्ला देता येत नाही. पेट्रोल हा मोटारीचा दिसणारा खर्च. न दिसणारा त्याहून मोठा असतो. समजा, सहा लाखांना घेतलेली मोटार दहा वर्षांनी दीड लाखाला विकली. चार लाख पन्नास हजार रुपये एकशेवीस महिन्यांत झिजले, म्हणजे दरमहा ३,७५० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, पीयूसी मिळून वर्षाला सत्तावीस हजार धरले, तर दरमहा २,२५० रुपये. मोटार अंगणातून हललीच नाही, तरी महिन्याला सहा हजार गेले. मोटार न हलण्याचाही खर्च आहेच. उभ्या मोटारीची बॅटरी उतरते, आपल्या पावसात ब्रेक गंजतात, आणि वायरी कुरतडणारे उंदीर तर प्रत्येक अंगणात असतात.

दुसऱ्या बाजूस आपल्या फेऱ्या मांडाव्यात. भिंतीवरील कॅलेंडरवर तीन महिने रोज नोंद करा: मोटार निघाली काय, कोण कोण गेले, कुठे गेले, चालविणारा कोण होता. ही नोंद करायला मी ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांतील बहुतेकांच्या घरी महिन्यातून पाच-सहाच दिवस भरले. शेजारी आपल्या गावचा रिक्षाचा आणि भाड्याच्या मोटारीचा दर लिहा, थांबण्याच्या पैशांसह. पुष्कळ घरांत मोटार विकणे सरळ फायद्याचे ठरते.

नोंद करताना आणखी एक रकाना ठेवावा: कोणाला कुठे जायचे होते पण जाणे झाले नाही. हा रकाना बहुधा आईच्या नावाने भरतो. मोटार बाबांची, चालविणारे बाबा, आणि आईचे भजनी मंडळ, भिशी, माहेरचा गणपती हे "कामाच्या" यादीत कधी बसलेच नाही. मोटार गेल्याने या बाईंचे काही बिघडत नाही. उलट नीट व्यवस्था लावली, तर त्या पूर्वीपेक्षा अधिक बाहेर पडतात, असे मी पाहिले आहे. त्यासाठी मोटारीच्या वाचलेल्या पैशातील ठरावीक रक्कम दर महिन्याला आईच्या हातात, आईच्या पाकिटात असावी. मुलाच्या फोनमधून परस्पर भरले जाणारे भाडे सोयीचे खरे. परंतु प्रत्येक फेरीची वर्दी मुलाला जाते म्हटल्यावर आई फेऱ्या मोजून-मापून करू लागते.

ज्या घरातून बस गाठता येते, तिथे तीही हिशेबात धरावी. राज्य परिवहनच्या एसटीने पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटास अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. एसटीची पहिली पायरी उंच असते, हे मला ठाऊक आहे. ज्यांचे गुडघे ती चढू शकतात त्यांच्यासाठीच हे लिहिले.

छातीत दुखते तेव्हा

"रात्री दोन वाजता काही झाले तर?" या एका भीतीपोटी अनेक घरांत मोटार ठेवलेली असते. ही भीती रास्त आहे, पण तिचे उत्तर मोटार नव्हे. रात्री दोन वाजता ती चालविणार कोण? ज्यांच्या छातीत दुखते आहे तेच घरातील एकमेव चालक असतात. किंवा घाबरलेला जावई चालवीत असतो आणि मागच्या आसनावर सासऱ्यांची शुद्ध हरपत असते, तेव्हा त्याने रस्त्याकडे पाहावे की त्यांच्याकडे?

छातीत दाटून येणे, दरदरून घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, अडखळणारी वाचा, तीव्र धाप, यांपैकी काहीही असेल तर ॲप उघडू नये. १०८ लावावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, ती विनामूल्य आहे, तिच्यात प्राणवायू असतो आणि डॉक्टर असतो. योजनेच्या मूळ ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत उपकरणांच्या होत्या. फोनवर गावाचे नाव, जवळचे देऊळ किंवा शाळा आणि त्रास काय, हे तीन तपशील द्यावेत आणि कोणीतरी टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे राहावे. रुग्णाला जिना उतरून चालत आणू नये. खुर्चीवर बसवून उतरवावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. म्हणून "सकाळी बघू" म्हणू नये, आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे.

रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल, तर दुसरा क्रमांक हवा. हा क्रमांक गावातील अशा चालकाचा, जो रात्री फोन उचलतो. असे दोन चालक शोधून ठेवावेत, कारण एक नेहमी कुठल्या तरी लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेला असतो. १०८, दोन चालक, शेजारी आणि आपले डॉक्टर, असे पाच क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर लावावेत. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, मागोमाग मोबाइलची रेंजही जाते. तेव्हा हाक मारण्याजोगा शेजारी मी त्या यादीत मुद्दाम धरला आहे.

मोटार ठेवावी अशी घरे

प्रत्येकाने मोटार विकावी, असे मी म्हणत नाही. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा आठवड्यातून अनेकदा फिजिओथेरपीस जावे लागत असेल, तर मोटार ठेवावी. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, अंगात त्राण नसते. अशा वेळी रुग्णालयाच्या दारात अर्धा तास वाहनाची वाट पाहणे हा त्या आजारात घातलेला आणखी एक त्रास. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मोटार ठेवली आणि आठवड्याचे तीन दिवस बदली चालक ठरविला. चालविणारे हात बदलले, एवढेच. घरातील वृद्धाने चालवू नये हे ठरले की लगेच मोटार विकण्याकडे धावण्याचे कारण नाही. मधला हा मार्ग पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही.

मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्यांनाही मी मोटारीच्याच बाजूने कौल देतो. ती स्वतःची असो वा भाड्याची, पण रिक्षा नको. खड्ड्यातून उसळलेल्या रिक्षाच्या मागच्या आसनावर बसल्या जागी मणका दबून मोडल्याचे रुग्ण आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. दम्याच्या आणि फुप्फुसांच्या जुन्या विकाराच्या रुग्णांना उघड्या रिक्षातील धूळ सोसत नाही; निदान मुखपट्टी लावावी. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना फार खाली गेलेले आसन चालत नाही. खाली घट्ट घडी घालून बसकर ठेवावे, आधी पाठ आत करून टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यावेत. चालकाला हे एकदा दाखवून ठेवले की तो विसरत नाही.

तीन महिने किल्ली कपाटात

ज्यांचा विचार पक्का होत आला आहे, त्यांनीही मोटार लगेच विकू नये. तीन महिने किल्ली कपाटात ठेवून, घरात मोटार नाहीच असे समजून वागावे. आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी ती सुरू करून घ्यावी, म्हणजे बॅटरी टिकेल. हे तीन महिने जून ते ऑगस्टच असावेत. मार्चमध्ये सगळेच जमते.

या काळात चालकाशी नाते जुळवावे. दर आधी ठरवावा आणि थांबण्याचे पैसे मनापासून द्यावेत. डॉक्टरांकडील दोन तासांत त्याचे दुसरे भाडे बुडते. दारापर्यंत यावे लागेल, हात द्यावा लागेल, औषधांची पिशवी उचलावी लागेल, हे त्याला स्पष्ट सांगावे. नेरळचे एक आजोबा, वय एक्याऐंशी, महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांच्या रिक्षाचालकाला ठरलेली रक्कम आगाऊ देतात आणि कॅलेंडरवर फेऱ्यांच्या खुणा करतात. किल्ली सोडताना ते महिनाभर घरात कोणाशी बोलत नव्हते. आता तो रिक्षाचालक नोव्हेंबरमध्ये त्यांना हयातीच्या दाखल्याची आठवण करून देतो.

बाहेरगावच्या मुलांसाठीही एक काम आहे. पुढच्या खेपेस याल तेव्हा ॲप शिकवीत बसण्याआधी आई-वडिलांना घेऊन थांब्यावर जा, दोन चालकांशी बोला, त्यांना घर दाखवा. पहिली फेरी रुग्णालयाची नसावी. कर्जतच्या बाजारात, कडावच्या गणपतीला किंवा वावोशीच्या मावशीकडे जाऊन यावे. जिन्याला किती पायऱ्या आहेत, कोणता गुडघा दुखतो, चष्मा कुठल्या खिशात असतो, हे त्या एका फेरीत चालकाला कळते. आणि पनवेलला जायच्या दिवशी पहाटे साडेसहाला तो फाटकाशी उभा राहून हॉर्न वाजवत नाही, वर येऊन कडी वाजवतो.